फ्रेंच गाणं आणि वन्संचा मोतीबिंदू

सत्तावीस वर्षांत मी माझ्या नणंदेशी एकदाही भांडले नव्हते. शेवटी भांडण झालं ते एका फ्रेंच गाण्यावरून.

आमच्या घरात फ्रेंच कुणालाच येत नाही, हे आधीच सांगते. मला गणित येतं, कारण ते मी शाळेत शिकवते. ह्यांना पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यापासून फक्त ‘जाऊ दे’ एवढंच येतं. आणि ह्यांची थोरली बहीण, म्हणजे कन्नड गावच्या कमलवन्सं, यांना समोरच्याचं सगळं चुकलेलं तेवढं बरोब्बर ओळखता येतं. फ्रेंच येतं ते आमच्या मुलीला. ऋताला.

ऋता इंजिनिअर. पुण्यात चांगली नोकरी. एक दिवस शाळेच्या मधल्या सुट्टीत तिचा फोन आला.

“आई, मी नोकरी सोडली.”

“का? काढलं का?”

“नाही गं. आम्ही बँड काढलाय.”

माझ्या डोळ्यांपुढं लाल कोट, पितळी बटणं आणि घोड्यावरचा नवरदेव उभा राहिला. “वरातीत वाजवणार तू?” मी स्टाफरूममध्ये एवढ्या जोरात ओरडले की चित्रकलेच्या सरांच्या हातातून पोळी पडली.

“तसला नाही गं आई! आम्ही वेगळं करतो. प्रयोग!”

बँडचं नाव ‘उलटा मोजा’. चौघं जण. एक मुलगा स्टीलच्या डब्यांवर वाजवतो, एक मुलगी शिवणयंत्राचे आवाज काढते, तिसरा नुसत्या वायरी लावतो (तो पण कलाकारच, असं ऋता म्हणते) आणि आमची कन्या गाते. फ्रेंचमध्ये!

“फ्रेंच कशाला? मराठीनं काय तुझं घोडं मारलं?”

“आई, मराठीत गायलं की लोक अर्थाकडं लक्ष देतात. आवाजाकडं देतच नाहीत.”

हे वाक्य मला तेव्हा निव्वळ मूर्खपणाचं वाटलं. ते किती खरं आहे हे कळायला मला कन्नडपर्यंत जावं लागलं.

आठ महिने मी ऋतावर चिडलेली होते. मी चिडले की साधं चिडत नाही. माझा राग वर्गाबाहेर, मैदान ओलांडून, गेटवरच्या शिपायापर्यंत जातो. पण त्या आठ महिन्यांच्या मध्येच कमलवन्संच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढायचं ठरलं आणि रागाला दुसरी वाट मिळाली.

वन्सं महिनाभर आमच्या संभाजीनगरच्या सिडकोतल्या घरी राहिल्या. आधी उजवा डोळा, मग डावा. पट्टी होती तोवर बाई देवमाणूस! “नलू, तुझ्या हातचं वरण लई झ्याक,” असं सुद्धा म्हणाल्या. पट्टी निघाली, काळा चष्मा आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून गॅसच्या शेगडीकडं बघत राहिल्या.

“नलू, ही शेगडी आधीपासून काळी हाय, का झाली?”

तिथून जे सुरू झालं! फरशीच्या फटी दिसल्या. पंख्यावरची जळमटं दिसली. सिंकखालचा फडका दिसला. माझ्या कानामागचे पांढरे केस दिसले. भिंतीवरच्या फोटोत सासूबाईंच्या नाकावर माशीनं केलेला ठिपका दिसला. (तो मलाच दिसला नव्हता. सत्तावीस वर्षं मी तो तीळ समजत होते.)

आता हे बोलायचं कुणाजवळ? ह्यांच्याजवळ बोललं तर ‘जाऊ दे’. म्हणून मी न्हाणीघरात जायचे, कडी लावायचे, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून बादलीत नळ सोडायचे आणि ऋताला व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचे. जिथं नळाला आठवड्यानं पाणी येतं, त्या गावात मी चुगल्यांसाठी टाकी रिकामी करत होते! ऋता बिचारी सगळं ऐकायची. “आई, तुझ्या आवाजात काय जबरदस्त लय आहे गं,” असं म्हणायची. मला वाटलं, पोरीला आईची कदर कळली.

मग एक दिवस तिनं विचारलं, “आई, तुझा आवाज गाण्यात घेऊ का?”

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मला वाटलं, ‘ऋता, जेवलीस का बाळा’ असं काहीतरी घेणार असेल. मी म्हटलं, “घे की! विचारतेस काय?”

हे माझंच तोंड. नंतरच्या सगळ्या रागात ही एक गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही. आज पहिल्यांदा सांगते.

गाणं आलं. नाव होतं ‘मँतनाँ ज व्वा’. म्हणजे ‘आता मला दिसतं’. सात मिनिटांचं! मी त्यातलं पहिलं मिनिट ऐकलं. ऋता कुजबुजत होती, मागं डबे वाजत होते, कुठंतरी पाणी पडत होतं. फ्रान्समधल्या कुठल्याशा रेडिओवर ते वाजलं म्हणे. झालं! आठ महिन्यांचा राग मी एका क्षणात गिळला आणि गाणं अकरा ग्रुपवर टाकलं. शाळेचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, सासरचा ग्रुप. सगळीकडून अंगठे आले, फुलं आली, ‘अभिमान आहे’ आलं. पुढं कळलं की अकरा ग्रुपमधला एकही माणूस एका मिनिटाच्या पुढं गेला नव्हता. तेव्हा कळलं असतं तर मी भांडले असते. आज त्या सगळ्यांचे पाय धरावेसे वाटतात.

फक्त वन्संचा अंगठा आला नाही. फोन आला.

“नलू, पोरीला इंजिनेर केलं आन ती आता कुजबुजायली व्हय? आमच्या इथली पोरं बी कुजबुजत्यात. त्याला कुणी गाणं म्हणत नाय.”

मी पेटले! माझ्या पोरीला मी बोलेन. मी आई आहे. वन्संनी काय म्हणून बोलावं? बाळूच्या, म्हणजे वन्संच्या मुलाच्या, मुलीचं बारसं पुढच्या रविवारी होतं. मी ठरवलं, भर बारशात हे गाणं लावायचं, पूर्ण लावायचं, आणि वन्संना शेवटपर्यंत बसवून ऐकवायचं!

रविवारी निघालो. दौलताबादच्या दरवाजात समोरासमोर दोन ट्रक आले आणि अर्धा तास गाडी हलली नाही. हे म्हणाले, “कशाला लावतेस गाणं? जाऊ दे.” मी म्हटलं, “आज नाही जाऊ देणार!”

बारशाला साठ-सत्तर बायका. पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या. बाळूनं पाळण्याच्या गाण्यांसाठी खांद्याएवढा उंच स्पीकर आणला होता. मी उठले, घसा साफ केला आणि वर्गात म्हणते तसं म्हटलं, “शांत बसा. आमच्या ऋताचं गाणं फ्रान्सच्या रेडिओवर लागलंय. ते आता सगळ्यांनी ऐकायचंय. सात मिनिटं. मध्ये कुणी उठायचं नाही!”

माझ्या आवाजाला पोरं घाबरतात, तशा बायकाही बसल्या. वन्सं पाळण्याशेजारी नव्या चष्म्यातून माझ्याकडं बघत होत्या. मी फोन जोडला.

ऋता कुजबुजायला लागली. “ज व्वा... ज व्वा...”

“जावा-जावांचं गाणं हाय का?” मागून एक म्हातारी म्हणाली.

“फ्रेंच आहे मावशी! ऐका!”

दुसरं मिनिट. डबे वाजले. पाळण्यातलं बाळ रडायला लागलं. तिसरं मिनिट. शिवणयंत्र सुरू झालं. शेजारच्या शमीमआपा म्हणाल्या, “किसी की मशीन में तेल नहीं डाला क्या?” मी त्यांच्याकडंही डोळे वटारले. चौथ्या मिनिटाला सगळे आवाज थांबले. नुसतं पाणी. बादलीत पडणारं पाणी.

त्या पाण्याचा आवाज मला फार ओळखीचा वाटला.

आणि मग त्या खांद्याएवढ्या स्पीकरमधून, साठ-सत्तर बायकांच्या समोर, माझा आवाज आला. “ऋता, कमलवन्संना आता सगळं दिसतंय गं! अगं, डॉक्टरनं मोतीबिंदू काढलाय का दुर्बीण बसवलीय? सकाळपासून माझ्या मागं मागं हिंडतायत. मी सांगते तुला, मोतीबिंदू होता तेच बरं होतं!”

मला वाटलं, संपलं. कुठलं संपतंय! ते शेवटचं वाक्य बँडच्या पोरांनी धरून ठेवलं होतं. डब्यांच्या तालावर ते परत आलं. “मोतीबिंदू होता तेच बरं होतं!” परत. “मोतीबिंदू होता तेच बरं होतं!” वर ऋता फ्रेंचमध्ये आर्त सूर लावत होती. मध्येच नुसतं “मोती-मोती-मोती-मोती” असं अडकायचं आणि परत सगळं वाक्य यायचं. सात मिनिटांच्या त्या गाण्यात कन्नडकरांना कळेल असा एवढाच मजकूर होता आणि तो त्यांना एकोणीस वेळा ऐकवण्यात आला.

मी फोनकडं झेपावले. हातात घुगऱ्यांचा द्रोण, बोटं ओली, फोन उघडेना! हे स्पीकरकडं धावले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी काहीतरी जाऊ दिलं नाही, तर बटण उलटं फिरवलं! आवाज दुप्पट झाला. समोरच्या किराणा दुकानातली गिऱ्हाईकं बाहेर येऊन उभी राहिली. शेवटी बाळूनं वायर उपटली.

मुलीचं बारसं होतं. नाव ‘स्वरा’ ठेवलं होतं. पण त्या दिवशी कन्नडात नावं ठेवली गेली ती फक्त मला.

शमीमआपाच आधी बोलल्या. “बाई, आधा समझा, आधा नहीं समझा. पर जो समझा, वो बहोत खराब था!”

वन्सं उठल्या. चष्मा काढला, पदराला पुसला, परत घातला.

“आता दिसायलं मला, तू कशी हाईस ते,” त्या म्हणाल्या. “म्हैनाभर तुझ्या घरात राहिले. तू तोंडावर ‘वन्सं, चहा’, ‘वन्सं, बसा’, आन न्हाणीत जाऊन माझ्या चुगल्या? मला वाटायचं, नलूला पोटाचा तरास हाय म्हणून घटका-घटका आत बसती! मी बाळूला म्हणले बी, नलूला डॉक्टरला दाखवा!”

“वन्सं, मी सहज—”

“सहज? फ्रान्सपतूर गेलं की माझं डोळं!”

मी बाहेर अंगणात आले आणि ऋताला फोन लावला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा राग मी त्या फोनवर केला. तुला लाज नाही, माझं ते वाक्य आधी काढ, तुझा बँड मोडून टाकीन, डब्यांत तुझ्या डाळ भरीन, काय काय बोलले! ती आधी ऐकत राहिली. मग म्हणाली, “पण आई, तू ते कन्नडला का लावलंस? आम्ही ते तिकडच्या लोकांसाठी केलं होतं. तिकडं मराठी कुणाला येतं?”

“इथं फ्रेंच कुणाला येतं?” मी किंचाळले.

“तेच तर! आणि तू पूर्ण ऐकलं नव्हतंस? मी तर तुला पाठवलं होतं. तू चाळीस बदाम पाठवलेस आई!”

माझी चूक कुणी पकडली की माझा राग आणखी वाढतो. मी परत तोंड उघडणार, तेवढ्यात मागून हात आला आणि माझा फोन हिसकावला गेला. वन्सं!

“ऋता, मी आत्या बोलायली. ते तुझं यंत्र चालू कर. आईचं घेतलंस ना? आता माझं बी घे.”

“आत्या, सॉरी, मी खरंच—”

“चालू कर म्हणते ना!”

ऋतानं चालू केलं. वन्संनी पदर खोचला. अंगणात सगळ्या बायका जमल्या. बाळूची सासू खुर्ची घेऊन आली.

“व्हय, मोतीबिंदू होता तेच बरं होतं!” वन्सं फोनमध्ये गरजल्या. “तवा मला हिच्या सिंकखालचा फडका दिसत नव्हता. आता दिसला, बोलले. दिसलेलं बोलू नाय तर मोतीबिंदू कशाला काढून घेतला मी? आन दुसरं. ही बाई लबाड हाय! गाण्यात अर्धंच सांगती. पट्टी होती तवा हिनं मला पोरीवानी घास भरवला, ते कुठं हाय गाण्यात? दिसातून सहा डाव डोळ्यात औषध टाकलं. शाळेतून मधल्या सुट्टीत पळत यायची, एका पायात काळी चप्पल, दुसऱ्या पायात तपकिरी. माझी मान उताणी धरून केस धुतले, डोळ्यात एक थेंब जाऊ दिला नाय. माझ्या सख्ख्या सुनेनं नसतं केलं!” (इथं बाळूची बायको आणि खुर्ची घेऊन आलेली तिची आई, दोघी एकदम आत निघून गेल्या.) “ह्यातलं एक अक्षर नाय गाण्यात! अर्धंच सांगती! मास्तरीण हाय का कोण हाय? पोरांना बी अर्धीच गणितं शिकवती का? हे सगळं घाल. आन मागं ते पाणी नको सोडू. वाया जातंय.”

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, “वन्सं, चप्पल तपकिरी नव्हती. लाल होती.”

“तपकिरी.”

“लाल! माझी चप्पल मला माहीत नाही?”

“मोतीबिंदू मला होता का तुला?” वन्सं ओरडल्या. मग आम्ही चपलेच्या रंगावरून जे भांडलो! सत्तावीस वर्षांचं साचलेलं सगळं त्या एका चपलेवर निघालं. लग्नातला मानपान, सासूबाईंची ठुशी, वन्संनी माझ्या पुरणाला ‘पातळ’ म्हटलेलं, मी त्यांच्या बाळूला गणितात दहापैकी दोन दिलेले. बाळूनं मध्ये पडून सांगितलं की दोन नव्हे, दीड होते. त्याला दोघींनी एकदमच गप्प बसवलं. जेवायला बसलो तेव्हा आवाज दोघींचेही बसले होते. वन्संनी माझ्या ताटात दोन पुरणपोळ्या वाढल्या आणि मी दोन्ही खाल्ल्या. पुरण पातळ होतं. बोलले नाही.

परतीच्या वाटेवर खुलताबादजवळ हे म्हणाले, “चप्पल लाल होती. मला आठवतंय.” मी म्हटलं, “तिथं का नाही बोललात?” हे म्हणाले, “जाऊ दे.”

पुढं ऋतानं गाणं खरंच नवं केलं. फ्रेंच तसंच ठेवलं, पण आता पाचव्या मिनिटाला वन्सं येतात. “अर्धंच सांगती! अर्धंच सांगती!” असं डबे थांबवून, कडाडून. पोरांमध्ये ते एवढं गाजलं की पहिलं गाणं कुणाला आठवतही नाही. ‘मोतीबिंदू’वालं माझं वाक्य? ते काढलं!

“का?” मी ऋताला फोन केला. (चिडून. उगाच खोटं कशाला बोलू?)

“आई, तूच म्हणालीस ना काढ म्हणून? पण तू आहेस गाण्यात. ते मागचं पाणी आहे ना, ते तुझंच आहे.”

म्हणजे एवढं सगळं बोलले ते वन्संनी नेलं आणि माझ्या वाट्याला बादली आली!

मागच्या महिन्यात ‘उलटा मोजा’चा कार्यक्रम इथं संभाजीनगरात झाला. संध्याकाळी, एका हॉलमध्ये. वन्सं कन्नडहून सकाळच्याच जीपनं आल्या. पाचव्या मिनिटाला कॉलेजची तीनशे पोरं उभी राहून “अर्धंच सांगती!” ओरडली आणि पहिल्या रांगेतल्या वन्संनी मान हलवली, जणू पोरांचं उत्तर बरोबर आलंय. माझ्या शाळेत पंचवीस वर्षांत एवढी पोरं एका सुरात माझं काही म्हणाली नाहीत. पाढेसुद्धा नाहीत!

कार्यक्रम संपल्यावर वन्संभोवती गर्दी झाली. आत्या, सही! आत्या, फोटो! मी बाजूला उभी. शेवटी न राहवून मी एका मुलीला गाठलं आणि म्हटलं, “मीसुद्धा आहे बरं का गाण्यात.”

“हो का काकू? कुठं?”

“सुरुवातीपासून आहे. मागं पाणी पडतं बघ.”

तिनं माझ्याकडं क्षणभर फार मायेनं पाहिलं. मग तिचा फोन माझ्या हातात दिला. “काकू, आत्यांबरोबर आमचा एक फोटो काढता?”

मी काढला. एकाच्या जागी चार काढले. पोरगी घरी गेल्यावर बघेल तेव्हा तिला कळेल. चारही फोटोंत, वन्संच्या डोक्याशेजारी, कोपऱ्यात माझं बोट आलंय. चांगलं स्पष्ट आलंय.